कड न तापणारा पेला

निवृत्तीनंतर लोक मला मोठ्या गुन्ह्यांबद्दल विचारतात. मी सांगतोही. पण एकटा असलो की मला जे प्रकरण आठवते, त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणाला खरचटलेसुद्धा नव्हते. एक चांदीचा पेला होता आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या. त्यांचे म्हणणे मी दोनदा कानाआड केले होते. त्यातल्या कुणाचेही नाव मी इथे लिहिणार नाही. माझी चूक मात्र लिहिणार आहे.

त्या वेळी मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. एप्रिलचा महिना होता. चौदा तारखेच्या मिरवणुकीचा बंदोबस्त डोक्यावर होता. सकाळची हजेरी घेतली की पोलिसांना उभे राहायचे पॉइंट वाटायचे, बाहेरून येणाऱ्या तुकड्यांच्या राहण्याची सोय करायची, शांतता समितीची बैठक घ्यायची, असा सगळा दिवस जात असे. अशाच एका सकाळी ठाणे अंमलदार आत आले. ते हसू दाबत होते. म्हणाले, एक आजीबाई आल्या आहेत, घरातला पेला बदलला म्हणून तक्रार द्यायची आहे.

मी त्यांना आत बोलावले. अंगाने बारीक, पातळाचा पदर घट्ट खोचलेला, डोळ्यांवर जाड चष्मा. काचबिंदूमुळे त्यांना समोरच्या माणसाची नुसती सावली दिसत असे. त्यांचा हात धरून आणणारी बाई त्यांच्याच घरी वीस वर्षे धुण्याभांड्याला होती. आजी तिला ताई म्हणत, म्हणून मीही तिला ताईच म्हणतो. आजींच्या पिशवीत जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला एक पेला होता. उभट, चकचकीत, त्यावर त्यांच्या दिवंगत यजमानांचे नाव कोरलेले.

त्यांचे म्हणणे एवढेच होते की हा पेला त्यांचा नाही. नातीच्या साखरपुड्यासाठी मुलाने घरातली चांदीची भांडी जुन्या बाजारातल्या एका दुकानात पॉलिशला दिली होती. परत आली ती तेवढीच, तशीच, नावासकट. पण त्यांचा पेला बदलून आला होता.

मी पेला हातात घेतला. जड होता. नाव स्पष्ट होते. मी विचारले, नाव तुमच्याच यजमानांचे आहे ना? त्या म्हणाल्या, आहे. मग बदलला कसा? त्या म्हणाल्या, "कड तापंना, साहेब."

मला त्याचा अर्थ लागला नाही आणि मी विचारलाही नाही. त्यांना चहा दिला, अर्ज लिहून घेतला, मुलाचा फोन नंबर घेतला. त्या गेल्यावर मुलाला फोन केला. एका सरकारी कार्यालयात नोकरीला असलेला, उस्मानपुऱ्यात राहणारा साधा माणूस. तो ओशाळला. म्हणाला, आईचे वय झाले आहे, वडील गेल्यापासून ती एकेक गोष्ट धरून बसते, डॉक्टरांनी विसराळूपणावर गोळ्या सुरू केल्या आहेत. मी अर्जावर शेरा मारला आणि तो फायलीत टाकला.

पाच दिवसांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी मी बैठकीला निघालो होतो. जिन्यातच गाठ पडली. मी उभ्याउभ्या सांगितले की चौकशी चालू आहे. चालू काहीच नव्हते. ताईने त्यांना कानात काहीतरी सांगितले, बहुधा साहेब घाईत आहेत असे. आजी म्हणाल्या, मग मी परत येईन.

मिरवणूक शांततेत पार पडली. बंदोबस्ताला आलेल्या तुकड्या परत गेल्या. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी मी ठाण्यात आलो, तर त्या बाकड्यावर बसलेल्या होत्या. शेजारी ताई. मांडीवर पिशवी आणि एक थर्मास.

मी खुर्चीत बसलो. त्या म्हणाल्या, "साहेब, आज मी बोलणार नाय. तुम्ही नुसतं हात लावून बघा. मग हाकलून द्या."

टेबलावर त्यांनी दोन पेले ठेवायला लावले. एक तोच. दुसरा शेजारणीकडून मागून आणलेला, जुना, काळवंडलेला, साधारण त्याच मापाचा. ताईने थर्मासमधले कढत पाणी दोन्ही पेल्यांत तळाला दोन-दोन बोटे ओतले. आजींनी मला दोन्ही पेल्यांच्या वरच्या कडा दोन हातांच्या बोटांत धरायला सांगितल्या. पाणी खाली होते, कड त्याच्यापासून चांगली चार बोटे वर. त्या मोठ्याने मोजू लागल्या.

बारापर्यंत त्या आल्या असतील, माझ्या उजव्या हाताला चटका बसू लागला. अठराला मी शेजारणीच्या पेल्याची कड सोडून दिली. डाव्या हातातला पेला मी धरूनच होतो. त्या मोजत राहिल्या. पन्नास झाले, साठ झाले. कड किंचित कोमट झाली होती, बस.

"चांदी वीसच्या आत हात सोडायला लावती," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं मी याच पेल्यात त्यांना दूध दिलं. तळाला दूध असलं तरी कड पदरानं धरावी लागायची. आता मी उघड्या हातानं धरती. मला दिसत नाय म्हणून काय हाताला बी कळत नाय का?"

मी विचारले, हे तुम्हाला कुणी शिकवले?

त्यांचे यजमान वीज खात्यात लाइनमन होते. घरी आल्यावर ते बायकोला कामातल्या गोष्टी सांगत. खांबावर चिनी मातीचे चिमण्यांसारखे तुकडे का लावतात, पक्कडीच्या मुठीला रबर का असते, ओल्या लाकडी शिडीवर का चढायचे नाही. एकदा आजींनी विचारले होते की तव्याला लाकडी मूठ असते आणि त्यांच्या पक्कडीला रबराची, हे एकच आहे का. ते म्हणाले होते, जवळजवळ एकच. ज्या धातूतून वीज सहज जाते त्यातून उष्णताही सहज जाते. चांदी सगळ्यांत पुढे, तिच्या मागोमाग तांबे. चांदीच्या तारा ओढणे परवडत नाही म्हणून तांबे आणि अल्युमिनियम वापरतात, एवढेच. लाकूड, रबर, चिनी माती वीज आणि उष्णता दोन्हींना अडवतात.

आजींनी मग पुन्हा पुन्हा येण्याचे खरे कारण सांगितले. सुनेचे म्हणणे होते की पेला खरेच बदलला असेल, तर घरात बाहेरचा हात एकच, ताईचा. मुलाचे म्हणणे होते की बदललाच नाही, आईला भास होतो.

"घरात दोनच वाटा राहिल्यात, साहेब," त्या म्हणाल्या. "एक तर मी खुळी, नाय तर ही चोर. मला तिसरी वाट पाहिजे. ती तुमच्याकडंच हाय."

ताई खाली मान घालून बसली होती. मी ठाणे अंमलदारांना बोलावून आजींचा सविस्तर जबाब घ्यायला सांगितले. फायलीतला जुना अर्ज मी स्वतः शोधून काढला. त्यावरचा माझा शेरा वाचून मला लाज वाटली.

माझ्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. चिकाटीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना घेऊन मी त्याच दिवशी दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतला, बोलायला गोड. त्याने पेला पाहिला, नाव वाचले आणि धातू तपासायच्या मशीनमध्ये ठेवला. पडद्यावर चांदीचा आकडा नव्वदच्या वर आला. "साहेब, आजींना मी ओळखतो," तो म्हणाला. "घरातल्या लोकांनाच विचारा ना." बाजारात त्याची पत होती. आजूबाजूचे व्यापारी पायरीवर येऊन उभे राहिले. मी पेला घेऊन बाहेर पडलो, तेव्हा माझे कान तापले होते.

जीपमध्ये बसल्यावर हवालदार बाई म्हणाल्या, "सर, चटका तर मला पण बसला नाही. मी आत्ता दुकानातल्या चहाचे दोन घोट त्या पेल्यात ओतून बघितले. तुम्ही पायरीवरच्या व्यापाऱ्यांकडं बघत होतात तेव्हा."

मला आता माघार घ्यायची नव्हती. मी तो पेला आणि शेजारणीचा पेला शहरातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे नेला. त्यांनी आधी आजींची पद्धत ऐकली आणि ती अगदी बरोबर आहे असे सांगितले. मग एका उपकरणाच्या चार बारीक सुया एकेका पेल्याच्या अंगावर टेकवून त्यातून थोडा विद्युतप्रवाह सोडला आणि मोजमाप घेतले. शेजारणीच्या पेल्यातून वीज जवळजवळ विनाअडथळा गेली. आजींच्या पेल्याने तिला कित्येक पटींनी जास्त विरोध केला.

मी मशीनचा आकडा सांगितला. ते म्हणाले की ते मशीन वरची कातडी पाहते. वर चांदीचा जाडसर मुलामा असेल तर ते फसते. पण वीज आणि उष्णता भांड्याच्या सगळ्या अंगातून जातात, त्यांना मुलाम्याने फसवता येत नाही. आत बहुधा जर्मन सिल्व्हर असावे, ते म्हणाले. नावात चांदी आहे, पण त्यात चांदीचा कणही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त वितळवून केलेला तो धातू आहे. दिसायला चांदीसारखा, पण उष्णता पुढे नेण्यात फार मंद.

त्यांनी ते लिहून दिले. आजींच्या फिर्यादीवरून मी फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला. प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी पेल्याचा तुकडा कापून घेणे भाग होते. पंचांना बोलावले, दुसऱ्या पेठेतला एक सोनार बोलावला. मुलगाही आला. कापायचे ठरले तसा तो मध्ये आला. त्याच्या वडिलांची एवढी एकच वस्तू उरली होती. आईच्या हट्टापायी ती कापली आणि पुढे ती खरी निघाली तर? तो रडकुंडीला आला होता. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

आजींनी त्याच्या दिशेने मान वळवली. "काप म्हणावं. माझा नायच तो, तर मला कशाला दुखंल?"

सोनाराने करवतीने कड कापली. कापलेल्या जागी वरून पांढरी शुभ्र बारीक रेघ होती आणि आत पिवळट, मंद धातू. मुलाने तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि पंचनाम्यावर सही केली.

पण दुकानदार कच्च्या गुरूचा चेला नव्हता. जबाबात तो म्हणाला की पेला पहिल्यापासून असाच असेल, पन्नास वर्षांपूर्वी कुणी त्यांना फसवले असेल तर त्याला मी काय करू? कायद्याने पाहिले तर त्याचे म्हणणे बिनतोड होते. भांडे खोटे आहे हे आम्ही दाखवले होते. ते बदलले, आणि याने बदलले, हे दाखवायचे अजून बाकी होते. आजींच्या हाताची आठवण हा एकच पुरावा, आणि त्या हाताच्या मालकिणीला विसराळूपणाच्या गोळ्या चालू होत्या.

आम्ही त्याच्या दुकानातली पॉलिशच्या पावत्यांची पुस्तके जप्त केली. हवालदार बाई पावत्यांवरचे पत्ते काढून एकेका घरी जाऊ लागल्या. सोबत थर्मास आणि एक घड्याळ. लोकांना प्रथम हसू यायचे. पहिली काही घरे कोरी गेली, भांडी खरी होती. चौथ्या दिवशी त्या एका घरी तांब्या घेऊन बसल्या आणि मला फोन केला. "सर, कड थंड आहे." पुढच्या आठवड्यात वैजापूरकडच्या एका कुटुंबाच्या शहरातल्या घरी आणखी एक पेला निघाला. असे करत सहा वस्तू जमल्या.

त्या सहा वस्तू टेबलावर ठेवून आम्ही बराच वेळ पाहत बसलो. दुकानदाराने शेकडो भांडी खरी परत दिली होती. मग हीच सहा का? उत्तर पावत्यांत नव्हते, घरांत होते. प्रत्येक वस्तू एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या रोजच्या वापरातली होती आणि प्रत्येक वस्तू दुकानात आणणारा मुलगा, सून नाही तर जावई होता. आणणाऱ्याला ती हाताने ओळखता येत नव्हती. ज्याला ओळखता येत होती, त्याचे घरात कुणी ऐकत नव्हते. एका घरातल्या आजोबांनी तर तांब्या बदलल्याचे वर्षभरापूर्वीच बोलून दाखवले होते. त्यांच्या सुनेने ते हवालदार बाईंना सांगितले आणि मग पदराने तोंड झाकून घेतले. आजोबा चारच महिन्यांपूर्वी वारले होते.

माझ्या नोकरीत मी रागाने काम करणे टाळले. त्या दिवशी मात्र मला राग आला आणि तो मी कामाला लावला.

खरा धागा हवालदार बाईंनाच सापडला. सहाही वस्तूंवर नावे कोरलेली होती. वेगवेगळ्या घरांची, कुणी चाळीस वर्षांपूर्वी कोरून घेतलेली, कुणी वैजापुरात, कुणी आजोळी. पण भिंगाखाली धरले की प्रत्येक अक्षराच्या काना-मात्रेला लागून आणखी एक बारीक ओरखडा दिसत होता, दुहेरी रेघ ओढल्यासारखा. दुसऱ्या पेठेतल्या त्या सोनाराने पाहताक्षणी सांगितले की कोरायच्या हत्याराचे टोक तुटलेले आहे, आणि ही सगळी नावे एकाच हत्याराने कोरली आहेत. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या काळात कोरलेल्या नावांना एकच तुटके टोक लागणे शक्य नव्हते.

दुकानदार म्हणत होता की तो कोरीव काम करून घेतच नाही. बाजारात दोन दिवस साध्या कपड्यांत फिरल्यावर हवालदार बाईंनी त्याच्यासाठी काम करणारा कारागीर शोधला. चाळिशीचा, हाताला काळे डाग पडलेला माणूस. त्याला त्याच्या अवजारांच्या पेटीसकट ठाण्यात आणले.

तीन तास तो एकच वाक्य बोलत होता. मला काय माहीत नाय. मी त्याला पाणी दिले, जेवण दिले. आरडाओरड करून माणूस बोलतो, हा समज आमच्या खात्यात खूप आहे. माझा अनुभव असा की कारागिराला त्याच्या कामाविषयी विचारावे. मी एक पत्रा त्याच्यापुढे ठेवला आणि पंचांसमोर म्हणालो, तुझ्या हत्याराने यावर पोलीस ठाणे एवढी अक्षरे काढ. त्याने काढली. सुंदर अक्षर होते. मी भिंग त्याच्याच हातात दिले आणि शेजारी आजींचा पेला ठेवला.

तो पत्र्याकडे पाहत राहिला, मग पेल्याकडे. दुहेरी रेघ त्याला माझ्यापेक्षा आधी दिसली असणार. भिंग खाली ठेवून तो म्हणाला, "टोक बदलायला पाहिजे होतं."

मग तो थांबला नाही. दुकानदार फोटो आणि माप देत असे, तो जर्मन सिल्व्हरचे भांडे घडवून मुलामा चढवत असे, वजनासाठी पत्रा थोडा जाड घेत असे आणि वरून नाव कोरत असे. पहिल्यांदा त्याला सांगितले होते की हे नाटकवाल्यांसाठी आहे. दुसऱ्या वेळी त्याने विचारले नाही. खरी भांडी दुकानदाराच्या कपाटात साठत आणि पुरेशी जमली की बाजार बंद असलेल्या दिवशी कारागिराच्याच भट्टीत वितळवली जात.

मी विचारले, शेवटची भट्टी कधी लावली?

तो म्हणाला, मिरवणुकीच्या दिवशी. बाजार बंद होता.

मी विचारले, त्यात उभट पेला होता का?

"होता. नाव होतं त्याच्यावर. हेच नाव." त्याने आजींच्या पेल्याकडे बोट दाखवले.

लिहून घेणाऱ्या कर्मचाऱ्याने पुढचा प्रश्न काय म्हणून माझ्याकडे पाहिले. मी तारखांचा हिशेब करत होतो. मिरवणुकीच्या दिवशी मी त्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर उभा होतो, हातात वायरलेस घेऊन. आजी पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्याला तेव्हा आठवडा झाला होता. दुसऱ्यांदा जिन्यात भेटल्या त्याला दोन दिवस. पहिल्या भेटीत मी फक्त विचारले असते की कड तापत नाही म्हणजे काय, तर त्यांचा पेला त्या कपाटातून जसाच्या तसा जप्त झाला असता.

दुकानदाराला त्याच संध्याकाळी अटक झाली. पोलीस कोठडीत पहिले दोन दिवस त्याने वकिलाचे नाव घेतले आणि तिसऱ्या दिवशी कारागिराचा जबाब वाचून दाखवल्यावर चांदीची लगड कुठे ठेवली ते दाखवले. प्रयोगशाळेचा अहवाल आला. दोषारोपपत्र वेळेत गेले. पुढे खटल्यात कारागिराने सगळे सांगितले आणि दुकानदाराला शिक्षा झाली. कागदोपत्री ते यशस्वी तपासाचे प्रकरण आहे. मला त्यासाठी प्रशस्तिपत्रही मिळाले. ते मी हवालदार बाईंकडे दिले, कारण काम त्यांचे होते.

अहवाल आला त्या दिवशी मी आजींच्या घरी गेलो. गणवेश न घालता गेलो. मुलगा, सून, सगळे घरी होते. ताई आत भांडी घासत होती. सुनेने तिचे काम काढून घेतले नव्हते, पण कित्येक आठवडे तिच्यामागे कपाटाला कुलूप लागत होते, हे ताईनेच मला नंतर सांगितले.

मी आजींसमोर बसलो आणि जे झाले ते सांगितले. पेला वितळला होता. तो मिरवणुकीच्या दिवशी वितळला होता. आणि त्याच्या आधी त्या दोनदा माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. मी म्हणालो, आजी, पेला माझ्यामुळे गेला.

त्या पाठ भिंतीला टेकवून बसल्या होत्या. मग त्यांनी विचारले, "तुमच्या कागदावर काय लिहिलंय?"

मी अहवाल उलगडला आणि वाचू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"तुम्ही नका. याला वाचू द्या. मोठ्यानं."

मुलाने कागद घेतला. भाषा प्रयोगशाळेची, जड होती. तपासणीसाठी आलेला धातूचा नमुना, बाहेरील आवरण चांदीचे, गाभा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू. त्याने सगळा वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी ताईला हाक मारली. ताई ओल्या हातांनी दारात आली. आजी मुलाला म्हणाल्या, "हिच्यासाठी परत एकदा."

त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचले. सून उठून ताईजवळ जाऊन उभी राहिली. काय बोलली ते मला ऐकू आले नाही.

निघताना मुलगा फाटकापर्यंत आला. त्याने मला सांगितले की डॉक्टरांना विचारून गोळ्या बंद करणार आहे. मग म्हणाला, "साहेब, ती रोज सांगत होती. मी रोज ऐकत होतो. एकदा पण हात लावून बघितला नाही."

मीही तेच केले होते, आणि मला तर त्याचा पगार मिळत होता.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. ती फार मोठी नाही. तक्रारदार समोर बसला की आम्ही आधी त्याचे वय पाहतो, कपडे पाहतो, तो किती हुशारीने बोलतो ते पाहतो आणि त्यावरून त्याचे म्हणणे खरे की खोटे ते मनाशी ठरवून टाकतो. त्याला ते कसे कळले, हे विचारायचे राहून जाते. खोटे बोलणारा माणूस या प्रश्नावर गोष्ट वाढवतो. खरे बोलणारा बहुतेक वेळा एखादी लहानशी, हाताला लागणारी वस्तुस्थिती सांगतो आणि गप्प बसतो. आजींनी पहिल्याच दिवशी ती दोन शब्दांत सांगितली होती.

त्यानंतर माझ्या ठाण्यात एक नियम झाला. तक्रार कितीही वेडगळ वाटो, अर्ज फायलीत टाकण्याआधी अंमलदाराने विचारायचे, तुम्हाला हे कसे कळले? आणि मिळालेले उत्तर त्याच शब्दांत लिहायचे. आता कधीतरी मला प्रशिक्षण केंद्रात नवीन भरती झालेल्यांसमोर बोलायला बोलावतात. मी त्यांना हे सगळे सांगतो. माझा शेरा असलेल्या त्या अर्जाची प्रत मी जपून ठेवली आहे. ती त्यांच्या हातात देतो आणि वर्गभर फिरवायला सांगतो. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे: वयोमानामुळे गैरसमज, कारवाईची आवश्यकता नाही. खाली माझी सही आहे.